शारीरिक इजांची नुकसानभरपाई (कॅनडा)

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इजा पोहोचलेल्या व्यक्तीस दिवाणी न्यायालयामार्फत पैशाच्या रूपात मिळणारी भरपाई म्हणजे शारीरिक इजांची नुकसानभरपाई होय. कॅनडामध्ये या विषयाचा कायदा मुख्यतः न्यायालयीन निवाड्यांतून घडला आहे. त्याचा आजचा पाया १९ जानेवारी १९७८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दिलेल्या तीन निवाड्यांनी घातला. कायद्याच्या ग्रंथांत हे निवाडे ‘त्रयी’ या नावाने ओळखले जातात. जखमी व्यक्तीच्या पुढील आयुष्यातील शुश्रूषेचा खर्च पूर्णपणे मिळाला पाहिजे, हे या त्रयीचे एक सूत्र आहे. वेदना आणि गमावलेल्या सुखासाठी मिळणाऱ्या रकमेस मात्र कमाल मर्यादा असावी, हे दुसरे. ही दोन्ही सूत्रे एकाच विचारातून निघाली असली तरी पहिल्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि दुसऱ्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही.

पार्श्वभूमी

क्वेबेक वगळता कॅनडाच्या सर्व प्रांतांत इंग्लंडमधून आलेला ‘कॉमन लॉ’ लागू आहे. क्वेबेकमध्ये फ्रेंच परंपरेची दिवाणी संहिता चालते. मालमत्ता आणि नागरी हक्क हे विषय घटनेने प्रांतांकडे सोपवलेले असल्यामुळे अपघाताच्या भरपाईचे कायदे प्रांतागणिक वेगळे आहेत. तरीही सर्व प्रांतांतील अपिले शेवटी ओटावा येथील सर्वोच्च न्यायालयात जातात व तेथील तत्त्वे देशभर बंधनकारक ठरतात. दिवाणी खटल्यांतील अंतिम अपील १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. त्याच वर्षापर्यंत भारतातील उच्च न्यायालयांवरही याच कौन्सिलचा अंतिम अधिकार चालत होता. त्यामुळे ‘वाजवी काळजी’, ‘निष्काळजीपणा’, ‘निकटचे कारण’ या संज्ञा भारतीय वकिलास कॅनडाच्या निवाड्यांत ओळखीच्या वाटतात.

निष्काळजीपणाचा दावा सिद्ध करण्यासाठी वादीस चार गोष्टी दाखवाव्या लागतात. प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याने ते पाळले नाही, त्यामुळेच हानी झाली आणि ती हानी वाजवी दृष्टीने अपेक्षित असावी इतपत निकटची होती. पूर्वी वादीचा स्वतःचा अल्पसा दोष आढळला तरी त्याचा संपूर्ण दावा फेटाळला जाई. ओंटारिओने १९२४ मध्ये कायदा करून दोषाच्या प्रमाणात भरपाईची वाटणी करण्याची पद्धत आणली व इतर प्रांतांनी तिचे अनुकरण केले. दावा दाखल करण्याची मुदत ओंटारिओ, अल्बर्टा व ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची, तर क्वेबेकमध्ये तीन वर्षांची आहे.

१९७८ ची त्रयी

तीनही खटल्यांतील वादी तरुण किंवा अल्पवयीन होते आणि तिघांनाही आयुष्यभर पुरणारी इजा झाली होती. ‘अँड्र्यूज विरुद्ध ग्रँड अँड टॉय अल्बर्टा लिमिटेड’ या खटल्यातील वादी एकवीस वर्षांचा होता. तो रेल्वे कंपनीत डबे दुरुस्तीचे काम शिकत होता. मोटारसायकलच्या अपघातात मानेखालचे शरीर लुळे पडून तो कायमचा परावलंबी झाला. ‘थॉर्नटन विरुद्ध स्कूल डिस्ट्रिक्ट क्र. ५७’ मधील वादी ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स जॉर्ज येथील शाळेचा पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता. व्यायामाच्या तासाला उसळत्या फळीवरून कोलांटी मारताना तो कोसळला व त्याचीही तशीच अवस्था झाली. ‘अर्नोल्ड विरुद्ध टेनो’ या तिसऱ्या खटल्यातील वादी ओंटारिओमधील सुमारे साडेचार वर्षांची मुलगी होती. आइस्क्रीमच्या गाडीकडून परतताना मोटारीची धडक बसून तिच्या मेंदूस गंभीर इजा झाली. या खटल्यात मुलीला एकटीने रस्ता ओलांडू देणाऱ्या आईचाही दोष आहे काय, असा प्रश्न निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आईस दोषी धरले नाही.

अँड्र्यूज व थॉर्नटन हे निवाडे न्यायमूर्ती ब्रायन डिक्सन यांनी लिहिले. ते पुढे १९८४ ते १९९० या काळात कॅनडाचे सरन्यायाधीश होते. टेनो खटल्यातील बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती स्पेन्स यांनी लिहिला.

अँड्र्यूज खटल्याचा प्रवास पाहिला की प्रश्न किती अवघड होता हे ध्यानात येते. अल्बर्टातील मूळ न्यायालयाने १०,२२,४७७ डॉलर मंजूर केले. प्रांताच्या अपील न्यायालयाने ही रक्कम जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे ५,१६,५४४ डॉलरवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ती ८,१७,३४४ डॉलर ठरवली. माणूस तोच, इजा तीच आणि पुरावाही तोच होता. तरीही तीन न्यायालयांच्या आकड्यांत एवढे अंतर पडण्याचे मुख्य कारण एका प्रश्नात होते. या तरुणाने उरलेले आयुष्य स्वतःच्या घरात काढायचे की रुग्णसंस्थेत?

घर की रुग्णालय

घरी राहून चोवीस तास मदतनीस ठेवण्याचा खर्च मूळ न्यायालयाने महिना ४,१३५ डॉलर धरला होता. अपील न्यायालयाने तो अवास्तव ठरवून महिना १,००० डॉलर केला. संस्थेत राहणे स्वस्त पडते, तर प्रतिवादीवर जास्त बोजा का टाकावा, असा त्यामागील विचार होता. न्या. डिक्सन यांनी तो अमान्य केला. घरातील शुश्रूषा जखमी व्यक्तीच्या मानसिक व शारीरिक स्वास्थ्यासाठी श्रेयस्कर असल्याचा पुरावा समोर होता. जखमी माणसाने आपली खरी हानी कमी दाखवून प्रतिवादीची सोय पाहण्याचे कारण नाही, आणि प्रतिवादीवरील भार हा शुश्रूषेचा दर्जा ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने महिना ४,१३५ डॉलरचा आकडा पुन्हा कायम केला.

निवाड्याचा हा भाग कमी चर्चिला जातो, परंतु जखमी व्यक्तीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. त्यानंतर कॅनडात मणक्याची किंवा मेंदूची गंभीर इजा झालेल्या व्यक्तींच्या दाव्यांत ‘भावी शुश्रूषेचा खर्च’ ही सर्वांत मोठी बाब होऊन बसली. व्यवसायोपचार तज्ज्ञ, शुश्रूषा नियोजक आणि विमागणिती यांची साक्ष अशा खटल्यांत नित्याची झाली. चाकाची खुर्ची किती वर्षांनी बदलावी लागेल, घराचे दार किती रुंद करावे लागेल, रात्री कूस बदलण्यासाठी माणूस लागेल की नाही, अशा बारीकसारीक प्रश्नांवर आज तेथील न्यायालयांत तासन्‌तास उलटतपासणी चालते.

एकरकमी रकमेचे गणित

कॉमन लॉच्या परंपरेनुसार भरपाई एकदाच आणि एकरकमी दिली जाते. वादी पुढे अपेक्षेपेक्षा अधिक जगला तरी त्याला पुन्हा न्यायालयात येता येत नाही. लवकर वारला तरी रक्कम परत जात नाही. म्हणून भावी खर्चाचे आजचे मूल्य काढावे लागते.

अँड्र्यूज खटल्यात वादीचे उर्वरित आयुष्य ४५ वर्षे धरले गेले. महिना ४,१३५ डॉलर या दराने ४५ वर्षांचा सरळ गुणाकार केल्यास २२,३२,९०० डॉलर होतात. परंतु आज हाती आलेली रक्कम गुंतवली की तिच्यावर व्याज मिळते. न्यायालयाने दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीवरील व्याजातून अपेक्षित महागाई वजा करून ७ टक्के हा वटाव दर ठरवला. त्याशिवाय अकाली मृत्यू, रुग्णालयात राहावे लागणे इत्यादी अनिश्चित शक्यतांसाठी २० टक्के कपात केली. बावीस लाखांचे अशा रीतीने ५,५७,२३२ डॉलर झाले. त्यात विशेष साधनांसाठी १४,२०० डॉलर, बुडालेल्या भावी कमाईपोटी ६९,९८१ डॉलर आणि वेदना व गमावलेल्या सुखापोटी १,००,००० डॉलर मिळवून येणारी बेरीज ७,४०,००० डॉलर अशी पूर्णांकित केली गेली. खटल्यापूर्वी प्रत्यक्ष झालेला ७७,३४४ डॉलरचा खर्च वेगळा होता.

कमाईचा आकडा इतका लहान दिसण्याचे कारण असे की, अन्न, वस्त्र, निवारा यांसारख्या गरजा शुश्रूषेच्या रकमेत अगोदरच धरल्या होत्या. त्याच गरजांसाठी दोनदा पैसे देणे न्यायालयास मान्य नव्हते.

७ टक्के हा दर वादीच्या दृष्टीने फारच कडक होता. महागाई वजा जाता सतत ४५ वर्षे एवढा परतावा मिळवणे सामान्य गुंतवणूकदारास जवळजवळ अशक्य आहे. पुढे अनेक प्रांतांनी नियम करून हा दर खाली आणला. ब्रिटिश कोलंबियात २०१४ पासून भावी खर्चासाठी २ टक्के व भावी कमाईसाठी १.५ टक्के असा दर आहे. अँड्र्यूज खटल्यातील शुश्रूषेचा हिशेब ७ ऐवजी २ टक्क्यांनी केल्यास रक्कम दुपटीहून अधिक होते. प्रतिवादीचा दोष, वादीची इजा आणि शुश्रूषेचा दर यांपैकी काहीही न बदलता केवळ या एका टक्केवारीने माणसाचे आयुष्य पालटू शकते.

एकरकमी पद्धतीतील दोष न्या. डिक्सन यांना स्पष्ट दिसत होते. नियतकालिक हप्त्यांची आणि वेळोवेळी फेरतपासणीची सोय विधिमंडळाने करावी, असे त्यांनी सुचवले. परंतु कायद्याचा आधार नसताना न्यायालय स्वतःहून हप्त्यांचा आदेश देऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘वॉटकिन्स विरुद्ध ओलाफसन’ या खटल्यात दिला. त्यानंतर काही प्रांतांनी तशी तरतूद केली. दोन्ही पक्षांच्या संमतीने विमा कंपनीमार्फत हप्त्यांची व्यवस्था करण्याची प्रथाही रुळली आहे.

वेदनेचे मोल

आर्थिक हानीची मोजदाद अवघड असली तरी तिला आकड्यांचा आधार असतो. वेदना, विद्रूपता, हरवलेले तारुण्य यांना बाजारभाव नाही. अशा बिगर-आर्थिक हानीकडे पाहण्याच्या तीन दृष्टी न्या. डिक्सन यांनी मांडल्या. पहिलीनुसार शरीराचा प्रत्येक अवयव ही जणू मालमत्ता असून तिला ठरावीक किंमत आहे. दुसरीनुसार त्या विशिष्ट व्यक्तीने किती सुख गमावले ते मोजावे. तिसरी दृष्टी उपयोगितेची आहे. गमावलेले सुख विकत आणता येत नाही, परंतु पैशातून सांत्वनाची काही साधने मिळू शकतात, तेवढ्यापुरतीच रक्कम द्यावी, असे ती सांगते. न्यायालयाने तिसरी दृष्टी स्वीकारली.

येथूनच मर्यादेचा विचार निघाला. शुश्रूषेचा खर्च पूर्ण मिळत असेल, बुडालेली कमाई भरून येत असेल, तर सांत्वनाच्या रकमेस अमर्याद वाढू देण्याचे कारण उरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. शेजारच्या अमेरिकेत ज्यूरींनी मंजूर केलेल्या प्रचंड रकमांचा व त्यामुळे समाजावर, विशेषतः विम्याच्या हप्त्यांवर पडणाऱ्या भाराचा विचारही त्यामागे होता. १,००,००० डॉलर ही कमाल मर्यादा ठरली, आणि तीही केवळ अत्यंत गंभीर इजांसाठी. थॉर्नटन खटल्यात मूळ न्यायालयाने या शीर्षाखाली दिलेले दोन लाख डॉलर निम्म्यावर आले. ही मर्यादा महागाईनुसार वाढते. तिचे आजचे मूल्य चार लाख डॉलरहून अधिक आहे.

१९८१ मध्ये ‘लिंडाल विरुद्ध लिंडाल’ या खटल्यात मूळ न्यायाधीशाने इजा अँड्र्यूजपेक्षाही गंभीर असल्याचे सांगून १,३५,००० डॉलर मंजूर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. रक्कम केवळ इजेच्या गांभीर्यावर अवलंबून नसून ती त्या व्यक्तीस कोणते सांत्वन देऊ शकते यावर अवलंबून आहे, असे त्याने स्पष्ट केले. १९९५ मध्ये ‘टेर न्यूझेन विरुद्ध कॉर्न’ या खटल्यात कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारातून एचआयव्हीची बाधा झालेल्या स्त्रीस ज्यूरीने बिगर-आर्थिक हानीपोटी ४,६०,००० डॉलर दिले होते. तेथेही न्यायालयाने मर्यादा कायद्याचाच भाग असल्याचे सांगितले.

मर्यादेवरील आक्षेप

मर्यादेचे समर्थन एका गृहीतावर उभे आहे. इतर शीर्षांखाली वादीस पूर्ण भरपाई मिळतेच, हे ते गृहीत होय. ज्यांची नोकरी होती, पगार होता, त्यांच्याबाबत ते बऱ्याच अंशी खरे ठरते. परंतु घर सांभाळणारी स्त्री, निवृत्त वृद्ध आणि अजून कमावू न लागलेले मूल यांच्या दाव्यांत बुडालेल्या कमाईचा आकडा मुळातच लहान असतो. त्यांच्या हानीचा मोठा भाग बिगर-आर्थिक शीर्षाखालीच येतो आणि मर्यादेचा जाच त्यांनाच अधिक होतो. हा आक्षेप खोडून काढणारे उत्तर न्यायालयांच्या निवाड्यांतून अद्याप पुढे आलेले नाही.

लहान मुलींच्या बाबतीत अन्याय आणखी एका वाटेने शिरला. भावी कमाईचा अंदाज बांधताना दीर्घकाळ स्त्रियांच्या सरासरी वेतनाची कोष्टके वापरली जात. स्त्रियांना कमी पगार मिळतो, म्हणून जखमी मुलीस कमी भरपाई, असे हे वर्तुळ होते. अलीकडच्या काही निवाड्यांत न्यायालयांनी पुरुषांची किंवा लिंगनिरपेक्ष कोष्टके वापरून ते तोडण्याचा प्रयत्न केला आहे.

मर्यादेच्या कक्षेला न्यायालयाने स्वतःही कुंपण घातले. अब्रूनुकसानीच्या दाव्यास ती लागू नाही, असे १९९५ मध्येच ठरले. ‘यंग विरुद्ध बेला’ (२००६) हा खटला न्यूफाउंडलंडमधील एका विद्यापीठाच्या विद्यार्थिनीचा होता. तिच्या निबंधातील एका मजकुराचा चुकीचा अर्थ लावून प्राध्यापकांनी बालशोषणाच्या संशयावरून तिच्याविरुद्ध माहिती कळवली व तिची कारकीर्द उद्ध्वस्त झाली. ज्यूरीने दिलेल्या ८,३९,४०० डॉलरपैकी ४,३०,००० डॉलर बिगर-आर्थिक हानीचे होते. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. गंभीर शारीरिक इजांच्या दाव्यांतून निघालेला नियम तेथे जसाच्या तसा लावता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. परिणामी, सर्वांगाने लुळ्या झालेल्या माणसाच्या वेदनेस मर्यादा आहे, पण बदनाम झालेल्या माणसाच्या दुःखास नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

मनाची इजा

दिसत नसलेल्या इजांकडे न्यायालये प्रारंभी संशयाने पाहत. ‘मुस्तफा विरुद्ध कलिगन’ (२००८) हा खटला विंडसर येथील आहे. घरी आलेल्या पाण्याच्या मोठ्या बाटलीत मेलेली माशी पाहून एका गृहस्थास तीव्र मानसिक विकार जडला. मूळ न्यायालयाने दिलेले ३,४१,७७५ डॉलर अपिलात रद्द झाले व सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. त्याची व्यथा खरी असल्याचे न्यायालयाने नाकारले नाही. मात्र सामान्य मनोधैर्याच्या माणसास अशा प्रसंगाने एवढी इजा होईल हे अपेक्षित धरता येत नाही, असे सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅकलाक्लिन यांनी लिहिले.

या निवाड्याची बरीच थट्टा झाली. परंतु त्याने मानसिक इजेचे दार बंद केले नाही. ‘सादाती विरुद्ध मूरहेड’ (२०१७) या खटल्यात अपघातानंतर वादीचा स्वभावच पालटल्याचे त्याच्या आप्तेष्टांनी सांगितले होते, पण कोणत्याही मनोविकाराचे वैद्यकीय निदान झालेले नव्हते. न्यायालयाने त्याचे १,००,००० डॉलर कायम केले. शारीरिक इजेसाठी रोगाचे नाव सांगावे लागत नाही, मग मानसिक इजेसाठीच ते का सांगावे, असा त्यामागील युक्तिवाद होता. इजा गंभीर व दीर्घकाळ टिकणारी असावी, एवढीच अट आहे. रोजच्या आयुष्यातील मनस्ताप तीत बसत नाही.

मृत्यू आणि शोक

कॉमन लॉच्या जुन्या नियमानुसार मृताच्या नातलगांस शोकासाठी भरपाई मिळत नसे. प्रांतांच्या कायद्यांनी ही उणीव कमी-अधिक प्रमाणात भरून काढली. ओंटारिओच्या कुटुंब कायद्यानुसार मार्गदर्शन, काळजी व सहवास गमावल्याबद्दल आप्तांना रक्कम मिळू शकते. टोरंटोत भाड्याच्या बेकायदा तळघरास लागलेल्या आगीत एका तरुणीचा मृत्यू झाला होता. तिच्या आईवडिलांना ज्यूरीने या शीर्षाखाली प्रत्येकी २,५०,००० डॉलर दिले. प्रांताच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ही रक्कम उचलून धरली व अशा दाव्यांस निश्चित कमाल मर्यादा नाही, असे सांगितले. क्वेबेकमध्ये आप्ताच्या मृत्यूचा निखळ शोकही भरपाईस पात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या आईच्या दाव्यात मान्य केले.

न्यायालयाबाहेरची वाट

त्रयीनंतर सहा आठवड्यांच्या आत, १ मार्च १९७८ रोजी, क्वेबेकने रस्ते अपघातांतील शारीरिक इजांचे दावे न्यायालयातून पूर्णपणे काढून घेतले. दोष कोणाचाही असो, सरकारी विमा मंडळ ठरावीक दराने भरपाई देते आणि दोषी चालकावर दावा लावता येत नाही. मॅनिटोबाने १९९४ मध्ये असाच मार्ग धरला.

इतर प्रांतांनी मधला मार्ग पत्करला. अल्बर्टाने २००४ मध्ये किरकोळ इजांसाठी वेदनेच्या रकमेस ४,००० डॉलरची मर्यादा घातली. ती घटनाबाह्य असल्याचे मूळ न्यायालयाने म्हटले, पण अपील न्यायालयाने २००९ मध्ये ती वैध ठरवली. नोव्हा स्कोशियाच्या अशाच कायद्याचाही त्याच वर्षी बचाव झाला. ओंटारिओत मोटार अपघाताच्या दाव्यांत इजा गंभीर व कायमची असल्याचे सिद्ध करावे लागते. शिवाय वेदनेच्या लहान रकमांतून ठरावीक वजावट होते. ही वजावट २००३ पासून ३०,००० डॉलर होती व नंतर ती महागाईशी जोडली गेली. तीस हजारांच्या वजावटीनंतर पस्तीस हजारांच्या निवाड्यातून वादीच्या हाती पाचच हजार पडत.

ब्रिटिश कोलंबियाने एप्रिल २०१९ पासून किरकोळ इजांसाठी ५,५०० डॉलरची मर्यादा आणली आणि १ मे २०२१ पासून क्वेबेकसारखी दोषनिरपेक्ष पद्धत स्वीकारली. काही अपवाद सोडल्यास त्या तारखेनंतर तेथील रस्त्यावर जखमी झालेल्या व्यक्तीस दोषी चालकावर दावा लावता येत नाही. तिला घरी शुश्रूषा मिळावी की नाही, आणि किती, याचा निर्णय प्रथम विमा महामंडळाचा अधिकारी घेतो. अँड्र्यूज निवाड्यातील हिशेबाची पद्धत आता तेथे मुख्यतः वैद्यकीय निष्काळजीपणा, घसरून पडणे, सदोष वस्तू आणि संस्थांतील अत्याचार यांसारख्या दाव्यांपुरती उरली आहे.